वाकडं काढलंय, पण कशासाठी?

समाजमाध्यमांवर एक जोडचित्र अधूनमधून फिरत असतं. डावीकडे पेन्सिलीनं काढलेला म्हाताऱ्याचा चेहरा, सुरकुतीन् सुरकुती मोजून घ्यावी असा. उजवीकडे कुठल्याशा गॅलरीतलं तैलचित्र. त्यातल्या माणसाचं डोकं लहान, हाताचे पंजे अवाढव्य, खुर्ची उतारावर ठेवल्यासारखी. खाली ठरलेला मजकूर: डावीकडच्याला कुणी विचारत नाही, उजवीकडचं लाखांना जातं. मग दोन फळ्या पडतात. एक म्हणते, ‘सरळ काढता येत नाही म्हणून वाकडं काढतात.’ दुसरी म्हणते, ‘चित्र समजून घ्यायचं नसतं, अनुभवायचं असतं.’ पहिलं विधान बहुतेक वेळा चूक असतं, पण निदान तपासता तरी येतं. दुसरं तपासताच येत नाही, म्हणून ते जास्त घातक. बघणाऱ्यानं प्रश्न विचारला की त्याच्या तोंडावर दार लावून घ्यायची ती सोय आहे.

चित्रातली मानवाकृती हुबेहूब आहे की नाही, हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातोय. विचारायला हवं ते असं: हुबेहूबपणापासून चित्रकार जिथे जिथे हटला, तिथे त्या हटण्यानं चित्रात काही काम केलं का? काम केलं असेल तर ते दाखवता येतं, बोट ठेवून, साध्या मराठीत. दाखवता येत नसेल तर तो चित्रकाराचा दोष किंवा त्याच्या वकिलांचा. उदाहरण म्हणून चित्रकार सुधीर पटवर्धन घेऊ. एक तर त्यांचा विषय मुंबई-ठाण्याची माणसं हाच आहे, त्यामुळे ताडून बघायला मूळ गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर आहे. दुसरं म्हणजे त्यांच्या आकृत्या ‘बेढब’ वाटतात ही तक्रार जुनी आहे.

पण आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. महाराष्ट्राची वास्तववादी चित्रपरंपरा ही काही मागासलेपणाची खूण नव्हे. मुंबईची सर ज. जी. (‘जे. जे.’) कलाशाळा १८५७ साली सुरू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत तिथून व्यक्तिचित्रणाची जी पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम निघाली, तिला तोड नव्हती. सावळाराम हळदणकरांचं हाताआड दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे आणि अजूनही निम्मे लोक ते रविवर्म्याच्या नावावर खपवतात. ते जलरंगातलं आहे. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा उरलेला पांढरेपणा. बोटांमधून झिरपणारा तांबूस प्रकाश आधी ठरवून राखून ठेवावा लागतो. एकदा तिथे गडद रंग गेला की पांढरा फासून तो परत येत नाही, फक्त खडूसारखा मळकट डाग उरतो. अशा शिस्तीला ‘नुसतं कौशल्य’ म्हणून नाक मुरडणारे बहुधा तसं एकही चित्र पुरं करू शकणार नाहीत. आणि ढोंगाबद्दलचा संशयही निराधार नाही. लांब मानेच्या, डोळे मिटलेल्या, कमळं धरलेल्या बायका, पगडीवाले चौकोनी शेतकरी, तोच बैल. एकच आकृती पन्नास चित्रांत येते, फक्त मागचा रंग बदलतो. इथे विरूपण (मूळ रूप बदलणं) आहे ते कसलंही काम करत नाही, ते दुकानावरच्या पाटीसारखं आहे. रेखांकनाचा सराव कमी झालाय, हेही खरं. तेव्हा ‘वाकडं काढणारे’ म्हणून ज्यांच्यावर राग आहे, त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत तो राग रास्त आहे.

मात्र हुबेहूब म्हणजे कशाशी हुबेहूब? फिरणारी बहुतेक पेन्सिल-व्यक्तिचित्रं माणूस समोर बसवून केलेली नसतात. मोबाइलवरच्या फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच कागदावर आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं, ही त्याची रीत. आता फोटो काय करतो ते पाहा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर असतं. मोबाइल नाकापासून ४० सेंटिमीटरवर धरला तर कान ५२ सेंटिमीटरवर जातात, म्हणजे कानाच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के मोठं दिसतं. तोच माणूस दोन मीटरवरून टिपला तर हा फरक ६ टक्क्यांवर येतो. म्हणजे जवळून काढलेल्या फोटोबरहुकूम केलेलं चित्र हेसुद्धा विरूपणच. फरक एवढाच की ते भिंगानं केलंय आणि चित्रकारानं न विचारता स्वीकारलंय. शिवाय फोनमधलं सॉफ्टवेअर सावल्या उजळवतं, कडा तासतं. म्हणून अशा चित्रात कानामागचा केस आणि डोळ्याची पापणी सारख्याच धारदार येतात. आपले डोळे असं कधीच बघत नाहीत. नजरेच्या मधल्या जेमतेम दोन अंशांतच आपल्याला तीक्ष्ण दिसतं, बाकी सगळं आपण नजर फिरवून जोडत जातो. समोर मॉडेल बसवून काम करणारे जुने जे. जे. चे लोक कडा कुठे हरवायच्या आणि कुठे राखायच्या हे शिकत असत. ते फोटोची नक्कल करत नव्हते.

एका चेहऱ्यापुरतं हे चालून जातं. खरी पंचाईत गर्दी काढताना होते, आणि मुंबई काढायची म्हणजे गर्दी काढायचीच. सपाट रस्त्यावर उभं राहिलं तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे जवळपास क्षितिजरेषेवरच येतात. यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) हा पहिला धडा. परिणाम असा की पुढचे चारजण मागच्या चाळीसजणांना झाकून टाकतात. गर्दी दिसत नाही, पाठी दिसतात. मग चित्रकार पुलावर चढतो. रेल्वेच्या पादचारी पुलावर उभ्या माणसाचे डोळे फलाटापासून सातेक मीटर उंच असतात. आता क्षितिज वर गेलं, डोकी कॅनव्हासभर पसरली, चाळीस माणसं मावली. पण तीन मीटर पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे इथून साठ अंशांहून जास्त तिरकं खाली बघावं लागतं. दिसतं काय? टाळू, खांदे, पायांचा खुंट. चेहरा नाहीच. फोटोवाल्याला दोन्हींतलं एक सोडावं लागतं: एक तर गर्दी, नाही तर माणूस.

चित्रकाराला मात्र दोन्ही हवं असतं, म्हणून तो दोन दृष्टिपातळ्या एकाच चित्रात जोडतो. मागचा प्रदेश उंचावरून, पुढची आकृती समोरासमोर. ‘खुर्ची घसरतेय’ असं जे वाटतं ते बहुधा या जोडामुळे. हा जोड नीट बसवणं हे काम आहे आणि ते चुकतं कसं हेही ठरलेलं आहे. दोन पातळ्यांच्या मधली जमीन सर्वांत धोक्याची. तिथे उभी केलेली माणसं वरूनही दिसत नाहीत, समोरूनही नाहीत, त्यामुळे ती उतारावरून गडगडतात किंवा अधांतरी तरंगतात. म्हणून जाणता चित्रकार तिथे काहीतरी आडवं घालतो: कठडा, जिना, बसचं छप्पर, भिंतीचा तुकडा. आकाराची उतरंडही सांभाळावी लागते. पुढची आकृती कॅनव्हासच्या तीन-चतुर्थांश उंचीची आणि मागची एक-दशांश असेल, तर मधल्या मापाच्या एकदोन आकृत्या अर्धवट झाकलेल्या असाव्याच लागतात. त्या नसल्या की पुढचा माणूस मासिकातून कापून डकवल्यासारखा दिसतो. हे सगळं कागदावर आधी लहान खर्ड्यांत सोडवावं लागतं, कारण सहा फुटी कॅनव्हासवर क्षितिज दोन इंच सरकवायचं म्हणजे सगळी माणसं पुन्हा रंगवायची. ‘सरळ येत नाही म्हणून वाकडं’ या आरोपात हे गणित कुठे बसतं? सरळ येत नसलेल्या माणसाला हे वाकडं जमणारच नाही.

पटवर्धनांकडे येऊ. जन्म १९४९, पुण्याचा. तिथल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली पदवी, पुढच्याच वर्षी मुंबई. मग १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय आणि सोबत चित्रं. कलाशाळेचा शिक्का नाही. त्यांच्यावरच्या लिखाणात एक सोपी गोष्ट हमखास येते: डॉक्टर क्ष-किरणांनी माणसाच्या आत बघतो, चित्रकारही तसाच आत बघतो, वगैरे. ही गोष्ट चित्रांकडे न बघता लिहिलेली असते. क्ष-किरणाच्या पट्टीत कातडी नसते, वजन नसतं, फक्त सावली असते. पटवर्धनांच्या सत्तरच्या दशकातल्या आकृत्या याच्या नेमक्या उलट आहेत: घट्ट, जाड, कातडीला आणि वजनाला घेऊन बसलेल्या. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) हे त्या काळातलं. त्या वर्षांत कॅनव्हासभर एकच देह असे, कामकऱ्याचा. डॉक्टरकीचा संबंध लावायचाच असेल तर तो ओपीडीशी लावावा, जिथे रोज नाना तऱ्हेची अंगं, बसण्या-उठण्याच्या लकबी आणि दुखण्याच्या जागा समोर येतात.

हे देह फुगवलेले का आहेत? वजन उचलणाऱ्या माणसाचा फोटो काढून बघा. सेकंदाच्या पाचशेव्या भागात गोठलेला माथाडी कामगार बिनवजनाचा दिसतो. हातगाडी ओढणारा तर पडतोय असंच वाटतं, कारण त्याचा तोल पावलांच्या पुढे असतो आणि पुढचं पाऊल फोटोत नसतं. भार दाखवायचा तर मान खांद्यांत दाबावी लागते, पावलं रुंद करावी लागतात, पाय आखूड. शरीरशास्त्राच्या मापात हे बसत नाही, भाराच्या अनुभवात बसतं. गीव्ह पटेल (१९४०–२०२३) हेही मुंबईतले डॉक्टर आणि चित्रकार. त्यांनी ‘टू मेन विथ हँडकार्ट’ (१९७९) मध्ये ही अडचण वेगळ्या वाटेनं सोडवली. गाडी ओढणारी माणसं न काढता गाडीपाशी थांबलेली दोघं काढली, मागे गुलाबी उजेडातल्या इमारती. त्यांच्या आकृत्या पटवर्धनांइतक्या ठोस नाहीत, कारण तिथे ठोसपणाची गरज नाही. एकाच शहरात, त्याच वर्षांत, तशाच माणसांची चित्रं काढणारे दोघं वेगवेगळं विरूपण करतात, ते सवयीनं नव्हे.

आणि पटवर्धनांच्या बाबतीत ते काळाबरोबर बदलतं, हा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा. १९८१ च्या ‘ओव्हरब्रिज’च्या सुमाराला एकट्या देहाची जागा शहर घेऊ लागतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर मुंबईत ‘कामगार’ नावाचा तो एकसंध, छाती काढलेला माणूस काढणं प्रामाणिकपणे शक्यच राहिलं नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर गर्दीचाही भरवसा संपला. ‘रायट’ १९९६ चं. ‘लोअर परळ’ (२००१) पर्यंत इमारती चढल्या, माणसं लहान झाली, कुणा एकाकडे चित्राचा मध्य उरला नाही. सवयीनं वाकडं काढणारा १९७७ चा आकार २००१ मध्येही विकत बसला असता; गिऱ्हाईक होतंच. नोव्हेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, तेव्हा मजले चढत जाताना हा बदल सलग पाहता आला. सगळंच जमलंय असं नाही. ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ (२०१४) या सात भागांच्या चित्रात शहराचा सगळा इतिहास मावायला हवा या हौसेपोटी काही ठिकाणी प्रसंग नुसते शेजारी शेजारी उभे राहतात, एकमेकांना ढकलत नाहीत. त्यापेक्षा एका पुलाची चित्रं मला अधिक पटतात.

आता सर्वांत अवघड आक्षेप. हे सगळं ठीक, पण ज्यांची ही चित्रं आहेत त्यांनाच ती परकी वाटत असतील तर? गिरणी कामगार जहांगीर कलादालनात येत नाही, आला तर भिंतीवरचं इंग्रजी वाचून परत जातो, आणि त्याचं चित्र शेवटी मलबार हिलच्या दिवाणखान्यात लागतं. यातलं निम्मं मी बिनशर्त मान्य करतो. मुंबईच्या गॅलऱ्यांना मराठी पाट्यांची इतकी ॲलर्जी का असावी हे कळत नाही. विकत कोण घेतं हा प्रश्नही खरा आहे, तो चित्रकाराच्या सदिच्छेनं मिटत नाही. पटवर्धनांनाही तो टोचलेला दिसतो. ज्यांच्यावरून चित्र निघालं त्यांना त्यात स्वतःला पाहता यावं, असं त्यांनी सुरुवातीपासून मांडलं, आणि २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमधून नेलं, म्हणजे चित्रं माणसांकडे नेली. त्यानं प्रश्न सुटला असा माझा दावा नाही.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र टिकत नाही: सामान्य माणसाला हुबेहूबच कळतं, विरूपण कळत नाही. खरंच? पंढरपुरात विठोबासमोर उभा राहून कुणी कमरेवरच्या हातांचं माप काढतो का? पिंगुळीच्या चित्रकथीतल्या डोळ्यांना कोकणात कुणी हरकत घेतली? आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचं शरीर कुठल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडतं? बाळासाहेब ठाकऱ्यांनी कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत एखाद्या नेत्याचं नाक वाढवलं की चाळीतल्या शेवटच्या माणसालाही ते का वाढवलंय हे कळत होतं. आकृती वाकवण्यामागचा हेतू वाचायची कला आपल्या लोकांत भरपूर आहे. फ्रेममधल्या तैलचित्रापुढे आल्यावरच ती पाठीमागे टाकायला लावलं जातं. कारण तैलचित्र म्हणजे रविवर्म्याची लक्ष्मी, हे समीकरण गेल्या शतकातल्या छापील तसबिरींनी घराघरांत पक्कं केलं.

इतिहासाकडे जरा मागे वळून पाहिलं तर गंमतच आहे. १८७२ पासून दहा-बारा वर्षं जॉन ग्रिफिथ्स हा जे. जे. चा शिक्षक तिथले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या नकला करवत होता. म्हणजे पाश्चात्त्य वास्तववाद शिकणारी मुलं दिवसचे दिवस अशा आकृत्या उतरवत होती ज्यांत मुख्य आकृती मोठी, सेवक छोटे आणि भुवईची रेषा धनुष्यासारखी. त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमधल्या एका आगीत जळाल्या. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत. सादृश्य, म्हणजे हुबेहूबपणा, त्यातलं एक, पाचवं. प्रमाण, भाव, लावण्ययोजन वेगळे मोजलेत. मा. र. आचरेकर तर हुबेहूबवाल्यांचेच आवडते, व्यक्तिचित्रणातला पट्टीचा माणूस आणि ‘आवारा’चे कलादिग्दर्शक. त्यांनीच ‘रूपदर्शिनी’त जिवंत मॉडेलवरची रेखाटनं आणि भारतीय शिल्पाच्या अंगानं केलेलं त्यांचं रूपांतर समोर ठेवलं. त्यांना दोन्हींत भांडण दिसलं नाही. आणि १९८१ मध्ये जहांगीरला ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन भरलं तेव्हा भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि पटवर्धन यांची भूमिका होती ती अमूर्ताच्या दबदब्याविरुद्ध: चित्रात माणूस आणि गोष्ट परत हवी. तेव्हाच्या आधुनिकांना ही माणसं जुनाट वाटत होती. आता फोटोभक्तांना तीच माणसं अतिआधुनिक थापेबाज वाटतात.

मग समोरच्या चित्रात काम आहे की थाप, हे कसं ओळखायचं? कॅटलॉग बाजूला ठेवून आधी पावलं बघावीत. आकृती जमिनीला कुठे टेकते हे ज्याला ठाऊक नाही तो गवत, धुकं किंवा कॅनव्हासची कड आणून पाय लपवतो. मग हात: पंजा मोठा असेल तर तो काहीतरी धरतोय, टेकतोय, झेलतोय का? मग एकामागे एक उभ्या आकृत्यांची झाकाझाक. मागच्याचा खांदा पुढच्याच्या कानामागे जिथे नाहीसा होतो तिथे दोघांमध्ये हवा उरलीय का. शेवटी त्याच चित्रकाराची दहा वर्षांच्या अंतरानं केलेली दोन चित्रं. विषय बदलूनही आकृतीचं वाकणं तेच राहिलं असेल, तर पेन्सिलवाल्यांचा राग खुशाल उचलून धरावा.

तीच आकृती घोटत राहण्याच्या या पाठांतराची सुरुवात गॅलरीत होत नाही. शासनाच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो: बाजार, बस थांबा, पतंग उडवणारी मुलं, जे काही येईल ते आठवणीतून काढायचं. फोटो नाही, मॉडेल नाही, आकृत्यांची रचना स्वतः करायची. पटवर्धन जे करतात त्याचीच ही बालआवृत्ती. पण शिकवणी वर्गांत त्यासाठी तयार आकृत्या घोटून घेतल्या जातात. भाजीवाली एक, छत्रीवाला एक, पाठमोरी बाई एक. सगळ्या कागदाच्या खालच्या कडेवर ओळीनं उभ्या, क्षितिज बरोब्बर मधोमध, विषय कोणताही असो. ज्या मुलाची घोटलेली आकृती सुबक, त्याला वरची श्रेणी. ज्यानं पुलावरून दिसलेली टाळू काढायचा प्रयत्न केला आणि पाय आखूड पडले, त्याचे गुण कापले जातात, ‘प्रमाण चुकलं’ म्हणून.